वसाहतीच्या निवेदनास एका क्षयरोग्याचे उत्तर

“आपल्या वसाहतीतील ज्येष्ठ रहिवासी व न्यायालयाचे निवृत्त शिरस्तेदार श्री. गंगाराम जाधव यांस कारागृहातील एका कैद्यापासून क्षयरोग जडला. डॉ. नेवरेकर कारागृहातील रोगी तपासून, त्याच अंगावरच्या कपड्यांनी वसाहतीच्या तळमजल्यावरील दवाखान्यात बसतात. हा रोग त्यांच्याच पावलांनी आपल्या दारी आला, हे उघड आहे. सबब सदर दवाखाना कायमचा बंद करण्यात यावा.”

हे निवेदन वसाहतीचे सचिव श्री. सुर्वे यांनी लिहिले आहे. भाषा बरी आहे. ‘सबब’ योग्य ठिकाणी पडला आहे. बाकी त्यात खरे एवढेच की माझे नाव गंगाराम जाधव आहे आणि मला क्षय झाला होता. खाली बहुतेक बिऱ्हाडांच्या सह्या आहेत. पहिली सही माझ्या मुलाची आहे.

येत्या रविवारी या निवेदनावर सभा आहे. त्यापूर्वी माझे हे उत्तर प्रत्येक दारी पोहोचेल अशी व्यवस्था मी केली आहे. माझी सारी नोकरी लोकांचे अर्ज वाचण्यात गेली. अर्जाचा कच्चा दुवा कोठे असतो हे मला अर्ज हातात धरताच कळते. तो ‘हे उघड आहे’ या शब्दांत असतो. जे उघड असते ते तसे लिहावे लागत नाही.

मात्र हे लेखन केवळ सभेसाठी नाही. ज्याच्या हाती आज दुपारीच तपासणीचा कागद पडला असेल, आणि जो तो कागद खिशात घालून घराच्या उलट दिशेने चालू लागला असेल, त्याच्यासाठीही आहे. त्याला आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत थांबावे लागणार नाही: हा रोग बरा होतो. पंचाहत्तरी गाठलेला, हट्टी, एका कानाने बहिरा असा मी बरा झालो आहे.

शनिवारची खोली

डॉ. नेवरेकर पन्नाशी ओलांडलेले, ठेंगणे गृहस्थ आहेत. खिशाला कायम शाईचा डाग. बाजारपेठेतला चांगला चालणारा दवाखाना त्यांनी धाकट्या भावाच्या स्वाधीन केला आणि स्वतः आठवड्यातून दोन दिवस कारागृहात व तीन दुपारी आमच्या वसाहतीच्या पाण्याच्या पंपाशेजारच्या खोलीत बसू लागले. खोलीबाहेर मासळीच्या पाट्या वाहणाऱ्या बायका, चिरेखाणीवरचे मजूर, पावस गावच्या बागांतले नेपाळी राखणदार रांगेने बसत. वसाहतीला ही रांग कधीच आवडली नाही. मलाही नाही. हे मी लपवीत नाही.

एकदा जिन्यात त्यांनी मला गाठले.

“शिरस्तेदार, माझे तुरुंगातले निम्मे पेशंट झोपत नाहीत. मला वाटायचं, खोकल्यानं. विचारलं तर कळलं, एकाला पुढची तारीख ठाऊक नाही, दुसऱ्याच्या घरी तो कुठे आहे हेच माहीत नाही. त्या दुखण्याचं औषध माझ्याकडे नाही. तुमच्याकडे आहे.”

“मी निवृत्त झालो आहे.”

“ते नाही झालेले.”

दर शनिवारी कारागृहात जाऊन कैद्यांचे अर्ज लिहायला मी होकार दिला. दयेने दिला असे कोणी म्हणेल तर तेही खोटे आहे. निवृत्तीनंतर मला कोणी काही लिहायला सांगितले नव्हते, म्हणून दिला.

कारागृहात रोगी तपासण्याच्या खोलीत डॉक्टरांनी टेबल ठेवू दिले नव्हते. “टेबल आलं की मी साहेब होतो आणि समोरचा गुन्हेगार,” ते म्हणत. दोन सारख्या उंचीची स्टुले. एकावर ते, एकावर तो. ज्याला बाहेर कोणी धड नावाने हाक मारली नसेल त्याला ते ‘राव’ लावीत. छातीला नळी लावण्यापूर्वी तिचे टोक तळव्यात धरून उबदार करीत. मी कोपऱ्यातल्या बाकावर बसून अर्ज लिही.

माझ्या लिहिण्याची एक पद्धत होती, ती येथे नमूद करतो. माझा उजवा कान नोकरीतच गेला. डावा मनात आले तर ऐकतो. कानातले यंत्र मी लावत नाही. म्हणून सांगणाऱ्याला मी गुडघ्याला गुडघा लावून बसवी. आणि न्यायालयात साक्ष लिहून झाली की ती साक्षीदाराला वाचून दाखवतात, तो ‘बरोबर आहे’ म्हणाला की मगच त्याची सही घेतात. मी प्रत्येक कैद्याला त्याचा अर्ज तसाच वाचून दाखवी, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, त्याच्या तोंडासमोर, आणि मोठ्याने. बहिरा माणूस हळू वाचू शकत नाही.

श्रावणात तेथे धोंडू आला. संगमेश्वराकडचा शेतकरी, बांधावरून झालेल्या मारामारीत अडकलेला. बायकोला लिहिलेले पत्र मी वाचून दाखवले तेव्हा तो माझ्याकडे पाहतच राहिला.

“ह्ये समदं मी बोललो?”

“तूच बोललास.”

“मंग मी ब्येस बोलतो की वो! परत वाचा.”

मी परत वाचले. दर शनिवारी तो जुनी पत्रे पुन्हा वाचायला लावी.

बांगड्यांचा दिवस

शहरात एक आवृत्ती अशी आहे की मी न्यायालयाच्या पायरीवर कोसळलो आणि डॉक्टरांनी मला हातांवर उचलून नेले. मी कोसळलो नाही, न्यायालयाच्या आसपासही नव्हतो, आणि माझ्याहून वीतभर ठेंगणा माणूस मला उचलू शकत नाही. दिवाळी नुकतीच झाली होती. मी मासळी बाजारात होतो.

“बांगडे ताजे आहेत का?” मी विचारले.

“मंग काय जन्मपत्रिका दावू त्यांची?” कोळीण म्हणाली.

मला हसू आले, हसण्यातून खोकला आला, आणि खोकला संपला तेव्हा रुमालावर लाल फूल उमटलेले होते.

त्यानंतरचे मला अजूनही पाण्याखालून दिसावे तसे दिसते. बर्फाच्या चुऱ्यावर ऊन पडले होते आणि त्यातून वर आलेला बांगड्याचा एकच डोळा माझ्याकडे स्थिर पाहत होता. कोळणीचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. डोक्यावरच्या निळ्या ताडपत्रीतून उजेड गळत होता. बायका, टोपल्या, मांजरे, सगळे त्या निळ्यात संथ डुलत होते. मला भीती वाटली नाही. फक्त वाटले, आपण फार खोल आलो आहोत, आणि वर जायचा रस्ता विचारायला हवा. तिनेच तो सांगितला. माझ्या हातातली पिशवी काढून घेत ती म्हणाली, “काका, बांगडे ऱ्हाऊद्या. डाक्टरकडं जा आदी.”

मी रिक्षाने पंपाशेजारच्या खोलीपाशी उतरलो. डॉक्टरांनी तीच रिक्षा वळवली, माझ्याबरोबर बसले आणि छातीचा फोटो काढून घेतला. संध्याकाळच्या आत ती काळी काच त्यांनी खिडकीसमोर धरली. मला ती आमच्या किनाऱ्याच्या नकाशासारखी वाटली: दोन बाजूंना काळा समुद्र आणि वरच्या अंगाला पांढऱ्या, फाटक्या खाड्या आत शिरलेल्या.

“या खाड्या कसल्या?”

“तिथे हवा असायला हवी होती,” ते म्हणाले. मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. “शिरस्तेदार, क्षय आहे. बरा होतो. सहा महिने गोळ्या, एकही दिवस न चुकवता. तुम्ही तारखा पाळणारे आहात, तुम्हाला जमेल. खोकला केव्हापासून आहे?”

“दसऱ्यापासून.”

त्यांनी काचेकडे पुन्हा एकदा, जरा जास्त वेळ पाहिले. मग ‘दसरा’ असे लिहून घेतले.

नारिंगी दिवस

पहिले काही आठवडे मला रुग्णालयात ठेवले. खाट खिडकीशी होती. खिडकीत एका माडाचा फक्त शेंडा दिसे; बुंधा नसलेला तो माड दिवसभर हवेत तरंगत असे आणि मीही.

सकाळी सिस्टर गोळ्या तळव्यावर ठेवीत आणि समोर उभ्या राहत. गिळल्या की “आ करा.” शपथेवर खोटे बोलणारे शेकडो लोक मी पाहिले आहेत, कोणी मला जीभ बाहेर काढून खरेपणा सिद्ध करायला लावील असे वाटले नव्हते. दुसऱ्या दिवशी लघवी नारिंगी झाली. मी घंटा वाजवून अख्खा वॉर्ड जागा केला. सिस्टर पदराआड हसल्या.

“काका, गोळीचा रंग आहे तो. इथं सगळेच नारिंगी. घामसुद्धा बघा.”

घामसुद्धा खरोखर तसाच होता. उशीच्या अभ्र्यावर सूर्यास्ताचे डाग पडत.

ताप दुपारी चढे. त्या तापाविषयी तक्रार करायची माझी इच्छा नाही. इतके सुंदर मी निरोगीपणी काही पाहिलेले नाही. भाट्याच्या खाडीत भरती आलेली असे. दप्तराची लाल कापडात बांधलेली गाठोडी पाण्यावर ओळीने तरंगत येत, बदकांसारखी. मी होडीत उभा राहून एकेक उचली, गाठ सोडी, आणि कागद कोरे असत; शाई पाण्यात विरघळून खाडी निळसर झालेली असे. काठावर माझी दिवंगत पत्नी धुणे पिळत असे. ती वर न पाहता विचारी, “वाचून झालं का सगळं?” मी म्हणे, “झालं.” ती म्हणे, “मला ऐकू नाही आलं.” चारच्या सुमारास खारा वारा सुटे, ताप उतरे, माड पुन्हा खिडकीत येई.

ज्याला हा ताप येत असेल त्याने घाबरू नये. तो जातो. गेल्यावर थोडी चुटपुट लागते, इतकेच.

गाऱ्हाणे

माझे निदान झाल्यावर डॉक्टरांनी शनिवारच्या खोलीत बसणाऱ्या प्रत्येकाला पुन्हा तपासले. तीन आठवड्यांनी माझ्या समोरच्या खाटेवर धोंडू आला. बरोबर एक हवालदार. धोंडूच्या उजव्या मनगटापासून खाटेच्या दांड्यापर्यंत साखळी. दुपारचे ताट आले तेव्हा डॉक्टर तेथेच होते.

“हवालदार, जेवताना ती काढा.”

“साहेब, नियम आहे.”

“डाव्या हातानं जेवावं असा नियम आहे का? या छातीनं तो जिन्यापर्यंत पोचणार नाही. पोचला तर मला येऊन सांगा, मी बक्षीस देतो त्याला.”

हवालदार मनापासून हसला आणि किल्ली फिरवली. चौथ्या दिवसापासून तो स्वतःसाठी चहा आणताना धोंडूसाठीही आणू लागला.

धोंडूला माझा खोकला सहन होत नसे. एका दुपारी, ताप माझ्या डोळ्यांवर चढत असताना, तो खाटेवर उठून बसला, हात जोडले आणि गावच्या देवळात घालतात तसे गाऱ्हाणे घालू लागला.

“बा देवा म्हाराजा! आज ह्यो शिरस्तेदार सायेब तुज्या पायाशी आडवा पडलाय…”

“मी कोणाच्याही पायाशी पडलेलो नाही,” मी म्हणालो.

“व्हय म्हाराजा!” वॉर्डातून आवाज आला.

“त्याच्या छातीत जी काय इडापिडा बसली आसंल, ती सात समुंदराच्या पल्याड घालव रं म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आता सारा वॉर्ड म्हणाला. त्यात हवालदाराचा आवाज सर्वांत वरचा होता.

“धोंडू, मी बौद्ध आहे. मी देव मानत नाही.”

“तुमी नका मानू. मी मानतो ना. गाऱ्हानं माजं हाय, दुकनं तुमचं.”

माझे म्हणणे इतक्या थोडक्या शब्दांत फार थोड्यांनी खोडले आहे. ‘व्हय म्हाराजा’ची ती लाट खाटांखालून वाहत माझ्यापर्यंत आली, मला वाटले, भरती वॉर्डात शिरली आहे, आणि आम्ही सगळे लोखंडी होड्यांतून हळूहळू एकाच दिशेने निघालो आहोत.

लाट ओसरल्यावर धोंडू खाली मान घालून म्हणाला, “सायेब, माज्यामुलं तुमच्यावर ही पाळी आली. मी तोंडाजवल बसून बोलायचो. मना माफी करा.”

मी मान हलवली. दुसऱ्याला क्षमा करणे आजारी माणसाला फार सुखाचे वाटते. त्या दुपारी मला गाढ झोप लागली.

पेला

तिसरी आवृत्ती माझ्या सुनेविषयी आहे. सुजाताने मला खोलीत कोंडले, असे जिन्याजिन्यांतून बोलले जाते. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. माझा मुलगा प्रकाश लोट्याला कारखान्यात पाळीवर असतो आणि सुट्टीला येतो. म्हणजे माझे आणि माझ्या नातीचे, मीराचे, सगळे तिनेच केले. कोंडले कोणी नाही. झाले ते असे.

घरी आलो त्या सकाळी माझा स्टीलचा पेला मला खिडकीच्या कट्ट्यावर दिसला. एकटा, उपडा.

आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा होतो. त्याआधीचे मला एवढेच आठवते की गावच्या चहाच्या दुकानाबाहेर, वळचणीला, एक कपबशी उपडी ठेवलेली असे. वडील ती स्वतः उचलत, चहा वरून ओतून घेत, स्वतः धूत आणि पुन्हा उपडी ठेवीत. धुताना ते माझ्याकडे पाहत नसत.

मी दोन दिवस चहा घेतला नाही.

“अण्णा, गार झाला,” सुजाता दारातून म्हणे.

“नको मला.”

तिसऱ्या दिवशी ती आत आली आणि उभी राहिली. “मी तुमची किळस करत नाही अण्णा. मला मीरासाठी भीती वाटते. सहा वर्षांची आहे ती. मी काय करू, तुम्हीच सांगा.”

कुठल्या पेल्याविषयी मी रागावलो होतो हे तिला ठाऊक नव्हते. मी सांगितलेही नाही. त्याच दुपारी डॉक्टर आले. कट्ट्यावर पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि ते काय समजायचे ते समजले.

“सुजाताताई, हा रोग भांड्यातून जात नाही. हवेतून जातो. खोकल्यातून, बोलण्यातून, मोठ्यानं वाचण्यातूनसुद्धा. आणि आता गोळ्या लागू पडल्यात, यांच्या थुंकीत काही उरलेलं नाही. खिडक्या उघड्या ठेवा, बस्स.”

हे सांगताना ते खिडकीकडे पाहत होते.

सुजाताने पेला उचलला, घासला आणि फळीवर इतर पेल्यांत ठेवला. मग त्यातला माझा कोणता हे तिला ओळखता येईना. ती हसू लागली आणि हसता हसता ओट्याला टेकून रडली. थोड्या वेळाने मीरा येऊन माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसली, आणि मला शाळेतली कविता इतक्या मोठ्याने म्हणून दाखवली की डाव्या कानाला सगळी ऐकू आली.

सह्या

निवेदन निघाले ते या वैशाखात, माझ्या शेवटच्या गोळ्या चालू असताना. मी सुर्व्यांचे दार वाजवले.

“शिरस्तेदार, हे तुमच्याच भल्यासाठी आहे.”

“माझं भलं मला न विचारता?”

“तुम्ही आजारी माणूस. म्हटलं, कशाला त्रास द्यावा?”

“पाण्याच्या टाकीवरून इतकी वर्षं दिलात, तेव्हा नाही सुचलं?”

“हे बघा,” सुर्वे हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही भले त्या डॉक्टरला देव माना. पण रोग कुठून तरी आलाच ना? आमच्यातला तर कोणी तुरुंगात जात नाही. तुम्हालाही त्यानंच नेलं.”

प्रकाश सुट्टीला आला तेव्हा मी त्याच्यासमोर तो कागद ठेवला.

“सही तुझी?”

“हो.”

“मला वाचून दाखवलास?”

त्याने कागदाची घडी घातली. “अण्णा, तुम्ही रक्त ओकत होतात आणि मी पाळीवर होतो. फोन लागत नव्हता. कोणावर तरी राग काढायलाच हवा होता मला. तुमच्यावर काढू?”

मुलगा म्हणून त्याचे उत्तर मला मान्य आहे. पुरावा म्हणून नाही.

मी खाली गेलो. पंपाशेजारच्या खोलीत डॉक्टर औषधांची खोकी आंब्याच्या रिकाम्या पेट्यांत भरीत होते. दाराशी दोन मासळीवाल्या बसून होत्या. उठायला तयार नव्हत्या.

“हे काय चाललंय?”

“रविवारी निर्णय होईल. तोवर आवरून ठेवतो.”

“उत्तर द्या त्यांना. गप्प का बसता?”

“उत्तर द्यायचं तर मला एका पेशंटचा कागद सगळ्यांसमोर उघडावा लागेल,” ते म्हणाले. “तो मी उघडत नाही. कैद्याचा नाही, कोणाचाच नाही.” आणि पुन्हा खोकी रचू लागले. त्या खोलीत बाहेरच्या रातांब्याच्या झाडाची सावली हलत होती. त्यांच्या पाठीवरून, पेट्यांवरून, बायकांच्या पायांवरून. मला क्षणभर तापाच्या दुपारी परत आल्यासारखे वाटले. सगळे तरंगत होते आणि मला एकट्याला बुडत असल्यासारखे वाटले.

जे उघड आहे

चार दिवसांपूर्वी धोंडू आला होता. मी लिहिलेल्या अर्जावर त्याला जामीन मिळाला आहे. तारखेला येतो तेव्हा पंपाशेजारच्या खोलीतून गोळ्या घेऊन जातो. अंगाने भरला आहे. बरोबर फणसाच्या आठळ्या आणल्या होत्या. माझ्या दाराच्या उंबऱ्यावर बसून तो सुजाताने दिलेला चहा पीत होता आणि मध्येच म्हणाला,

“सायेब, येक इचारू? मी तुरुंगात आलो त्याच दिवशी डाक्टरांनी माजी थुंकी तपासली व्हती. कायबी नव्हतं. मंग ह्यो आजार मना झाला कुटून?”

त्याने ते आश्चर्याने विचारले. संशयाने नव्हे. उन्हात डोळे बारीक करून तो माझ्या उत्तराची वाट पाहत राहिला, आणि मग आठळ्या कशा भाजाव्या ते सुजाताला सांगू लागला.

सुर्वे विचारतात, रोग कुठून तरी आलाच ना. आला. त्याचा क्रम मी आता सांगतो, आणि याला दुसरी आवृत्ती नाही.

मी डॉक्टरांना ‘दसऱ्यापासून’ असे सांगितले, ते खोटे होते. मी खोकू लागलो तो वैशाखात, गतवर्षीच्या. दप्तराच्या धुळीचा जुना ठसका, असे मी स्वतःला सांगत होतो. शनिवारच्या खोलीत मी प्रथम पाऊल टाकले ते ज्येष्ठात, तेव्हा खोकल्याला तीन आठवडे झाले होते. धोंडू तेथे आला तो श्रावणात, स्वच्छ छाती घेऊन. दर शनिवारी त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून मी त्याला त्याची पत्रे मोठ्याने वाचून दाखवली. तो परत वाचा म्हणाला की परत वाचली.

कारागृहात नेमाने जाणाऱ्या प्रत्येकाची थुंकी डॉक्टर आधी तपासून घेतात. नवा कैदी असो, स्वयंपाकी असो, वा अर्ज लिहायला येणारा निवृत्त शिरस्तेदार असो. पहिल्या शनिवारपूर्वी त्यांनी मला झाकणाची छोटी डबी दिली आणि प्रयोगशाळेचा पत्ता सांगितला. जन्मभर न्यायालयात न्यायाधीशांच्या उजव्या हाताला बसलेल्या माणसाला आरोपींच्या रांगेत उभे करून थुंकायला सांगावे, याचा मला संताप आला. आठवड्याने त्यांनी विचारले, “डबी दिलीत का? काय निघालं?” मी म्हणालो, “दिली. स्वच्छ आहे.” त्यांनी कागद मागितला नाही. माझा शब्द घेतला. काच खिडकीसमोर धरली त्या संध्याकाळी, त्या खाड्या दसऱ्याहून कितीतरी जुन्या आहेत हे पाहून, त्यांना सगळे कळले असणार; तेव्हापासून आजपर्यंत मला, माझ्या मुलाला किंवा सुर्व्यांना ते त्यातले एक अक्षर बोललेले नाहीत.

ती डबी मी कोठेही दिली नव्हती. ती आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. कोरडी.